गोलकीपरच्या बुटांची धार

सिंगापुरात पोट्टे बर्फावर हॉकी खेळतात असं अकोल्याकडं कोणाला सांगितलं, तर तो आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेईल. पण खेळतात. बाहेर बत्तीस अंश, सदरा पाठीला चिकटलेला, आणि मॉलच्या वरच्या मजल्यावर काचेआड पांढरंशुभ्र बर्फाचं मैदान. त्यावर बारा-बारा वर्षांची पोरं कोंबड्यांसारखी फुगलेली, अंगभर गाद्या बांधून, हातात वाकड्या काठ्या घेऊन, रबराच्या एका काळ्या चकतीमागं जीव तोडून पळतात. या पोरांच्या संघाचं नाव ज्युनिअर ऑटर्स. दादाराव तायडे त्यांना पाणमांजरं म्हणतो.

हा दादाराव बाळापूरकडचा. आयटीआय केलं, कॉम्प्रेसर खोलायला शिकला, एका एजंटाच्या ओळखीनं सिंगापुरात आला त्याला एकोणीस वर्षं झाली. चांगी बिझनेस पार्कात कॉम्प्युटरांच्या मोठाल्या खोल्या थंड ठेवायची यंत्रं त्याच्या हाताखाली चालतात. राहतो क्लेमेंटीला, चौथ्या मजल्यावर, बायको बेबी आणि पोरगा सुगत. बुटका, छातीनं रुंद, बोलायला खणखणीत. इंग्रजी कामापुरतं, पण त्यात अडखळणं नाही. चूक बोलला तरी असा ठासून बोलतो, की समोरच्याला आपलंच व्याकरण कच्चं वाटावं.

हॉकीत तो शिरला सुगतमुळं. सुगत दोन हंगाम खेळला, कंटाळला, सोडून दिलं. बाप मात्र राहिला. कारण असं झालं, की पहिल्याच महिन्यात दादारावनं बुटांच्या पात्यांना धार लावणारा माणूस पाहिला. मैदानाच्या मागं एक खोली, तिथं गरगर फिरणारा दगड, आणि तो गडी पातं दगडावर असं फिरवत होता, जसं पोळीला तूप फासावं. दादारावला बघवेना. तीन शनिवार दातओठ खाऊन उभा राहिला. चौथ्या शनिवारी म्हणाला, "भौ, बाजूले सरक जरा." तेव्हापासून चार वर्षं ते यंत्र त्याचं. पगार नाही, काही नाही. शनिवारी सकाळी सहाला बस पकडून जातो आणि वीस-बावीस जोड्यांना धार लावतो.

ही विद्या त्याच्या घरातली. त्याचा बाप शामराव ज्वारीच्या सोंगणीला साऱ्या बायांचे इळे गोळा करायचा आणि दगडावर घासून द्यायचा. कोणत्या बाईला कसा इळा लागतो हे तो कधी विचारायचा नाही. बाई धुऱ्यावरून चालत येताना पाहायचा, तिचं मनगट पाहायचा, आणि त्या हाताजोगी धार द्यायचा. दादारावला सांगायचा, "इचारू नाई. इचारलं म्हंजे आपल्याले समजत नाई, असं झालं." चुकल्याचं कोणाला आठवत नाही. तोच कित्ता दादाराव इथं गिरवत होता. पोरगं बर्फावर कसं वळतं, कोणत्या पायावर जोर देतं, ते बाकावर बसून निरखायचा. संघाचा नियम असा, की प्रत्येकानं बुटात चिठ्ठी घालायची, तिच्यावर आकडा लिहायचा. दादाराव चिठ्ठी वाचायचा, पण पोराकडं जास्त बघायचा.

आता ही धार म्हणजे चाकूची धार नव्हे. बुटाखालचं पातं बोटभर सुद्धा रुंद नसतं, आणि त्याच्या मधोमध लांबीभर एक पन्हळ असते, कौलाच्या पन्हळीसारखी, पण नखाएवढी. पन्हळ खोल केली की दोन्ही काठ बर्फात रुततात, झटकन वळता येतं. उथळ ठेवली की पाय सरकतो. पळणाऱ्या पोरांना खोल लागते. गोलकीपरला उथळ, कारण त्याला या खांबापासून त्या खांबापर्यंत उभ्या उभ्या आडवं सरकायचं असतं. हे दादारावला पाठ होतं. पाठ होतं, म्हणूनच नियम मोडायचा कधी हेही आपल्यालाच कळतं असं त्याला वाटलं, आणि पुढचं सगळं झालं.

ऑटर्सची गोलकीपर म्हणजे मैत्रेयी. अभय आणि सुलेखाची पोरगी. अभय तांजोंग पगारला बँकेत, पुण्याचा, बोलणं इस्त्री केलेलं. पोरगी मात्र बापासारखी नाही. बारा वर्षांची, काटकुळी, आणि गोलसमोर उभी राहिली की कोचला सुद्धा ओरडून जागा दाखवणार. साऱ्या हंगामात तिच्यामुळं ऑटर्स टिकले. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू कोण, हा प्रश्न बक्षीस समारंभाच्या आधीच सुटलेला होता. पोरं तिला उघड म्हणायची, वाक्याला सिंगापुरी "लाह"चं शेपूट लावून, "तुझाच कप, लाह."

उपांत्य सामन्यात ती एकदा खांबाच्या पलीकडं हातभर सरकत गेली. गोल झाला नाही, कोणाच्या लक्षातही आलं नाही. दादारावच्या आलं. घरी येऊन बेबीला म्हणाला, "पोट्टीचा पाय धरून नाई रायला. फायनलले पक्की धार देतो तिले."

रविवारी, अंतिम सामन्याच्या सकाळी, मैत्रेयीच्या बुटात चिठ्ठी होती. आकडा तोच, नेहमीचा. दादारावनं चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात टाकली, आणि तिच्या पात्यांना पळणाऱ्या पोरांपेक्षाही खोल पन्हळ दिली. मोठ्या दिवसाला मोठी धार. बूट पुसून, पातं नखावर टेकवून बघितलं. नखाचा पापुद्रा निघाला. खुशीत आला गडी.

ऑटर्स पाच-दोन हरले.

पहिला गोल साधा होता. दुसऱ्याला मैत्रेयी डावीकडं सरकायला गेली आणि भोकात पाय अडकावा तशी कोलमडली. दादाराव बाकावर पुढं सरकला. तिसऱ्याला पुन्हा तसंच, आणि या खेपेला त्यानं पातं बर्फात रुतताना डोळ्यांनी पाहिलं. मग मध्यंतर झालं, दहा मिनिटांचं. यंत्र तिथून वीस पावलांवर. बूट घेतले असते, पन्हळ उथळ केली असती, परत दिले असते, तरी दोन मिनिटं उरली असती. पण त्यासाठी कोचपुढं, आई-बापांपुढं बोलावं लागलं असतं. चार वर्षांत ज्याला कोणी एक शब्द विचारला नाही, तो माणूस बाकाला चिकटून बसला. मध्यंतर संपलं. आणखी दोन गोल झाले.

मग लोक बोलू लागले. कोणी वाईट बोललं नाही, हीच तर गंमत. सगळे समजूतदार. आई-बापांच्या ग्रुपवर हृदयं आली, हात जोडलेले आले, "फायनलचं दडपण येतंच," "लहान आहे अजून." कोच हेंग हा सरळ माणूस, तो पण म्हणाला, "मोठ्या मॅचला तिचे पाय गोठतात. शिकेल." चार दिवसांनी सुलेखाचा बेबीला फोन आला. मैत्रेयीनं सामानाची बॅग गाडीच्या डिकीत टाकली ती उघडलीच नाही. म्हणते, मला भीती वाटते हे आता सगळ्यांना कळलंय, मी गोलमध्ये परत उभी राहणार नाही. शनिवारी बक्षीस समारंभाला आणायचं तरी कसं, हा प्रश्न.

बेबीनं फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. दादाराव जेवत होता. घास खाली ठेवून त्यानं सगळं सांगून टाकलं, चिठ्ठीसकट.

बेबी ऐकून घेऊन म्हणाली, "मंग मले काय सांगता? मी का गोलकीपर आये?"

"अवं, पण सांगतलं तर यंत्र जाते ना हातातून. कोण ठेवीन मले तठी?"

"अन् नाई सांगतलं तर पोट्टी जाते. यंत्र मोठं का पोट्टी मोठी, ते तुमी ठरवा. भाजी वाढू?"

दादारावनं भाजी घेतली. ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही. चार दिवस गप्प राहिला ते वेगळं, पण एकदा ठरलं की हा माणूस मागं बघणारा नव्हे. समारंभाच्या आधी कोचला बाजूला घ्यायचं, सांगायचं, मोकळं व्हायचं.

शनिवारी चार वाजता मैदानाशेजारच्या हॉलमध्ये सगळे जमले. एका भिंतीला पूर्ण काच, काचेपलीकडं रिकामं बर्फ. लोकांनी बी हून, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणलेल्या, कोंबडीचे पंख आणलेले. बेबीनं दीडशे आलुबोंडे तळून आणले होते, आणि पोरांच्या चिनी आया ते "सो नाइस" म्हणत चटणीशिवाय खात होत्या, ते तिला सहन होत नव्हतं. मैत्रेयी आली. तिला आणली होती. शेवटच्या खुर्चीवर, कपाळावर केस ओढून बसली.

दादाराव कोचकडं निघाला, तोच कोच हेंगनं माईक हातात घेतला. "आधी खेळाडू नाही," तो म्हणाला, "आधी एक माणूस. ज्याच्या धारेवर आपली सगळी पोरं उभी आहेत. या हंगामाचा स्वयंसेवक, अंकल दादा!"

पोरांनी जमिनीवर पाय आपटायला सुरुवात केली. काचेचा जाड ठोकळा, त्यात कोरलेला छोटा बूट, खाली नाव. आता काय करणार? गेला पुढं. ठोकळा हातात घेतला. अभय पुढं येऊन फोटो काढू लागला.

दादारावनं माईक मागितला. त्याचं इंग्रजी जसं होतं तसं, पण शब्द एकही गिळला नाही. म्हणाला, फायनलला मैत्रेयीच्या बुटांना मी चुकीची धार दिली. तिनं चिठ्ठी दिली होती, ती मी मानली नाही. तिचा पाय बर्फात रुतत होता. पोरगी घाबरली नव्हती. मला मध्यंतराच्या आधी समजलं आणि मी बोललो नाही. संपलं. त्यानं ठोकळा टेबलावर ठेवला आणि माईक कोचच्या हातात दिला.

हॉलमध्ये एक जण खोकला. मग मागच्या खुर्चीवरून मैत्रेयीचा आवाज आला, मराठीत, "काका, बाबानं सांगितलं ना तुम्हाला असं बोलायला?"

"मी?" अभय म्हणाला. "मी कशाला सांगीन?"

"सगळे हेच सांगतायत मला. आई सांगते, मावशी सांगते, शाळेतली काउन्सेलर सांगते. इट्स नॉट युअर फॉल्ट, इट्स नॉट युअर फॉल्ट. आता काका पण!" ती उभी राहिली. "लहान आहे का मी?"

दादाराव चपापला. खरं सांगायला त्यानं एवढा दम लावला, आणि पोरीनं ते साखरेच्या गोळीत मोजलं. पण क्षणभरच. तो सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"हे पाह्य बाई, मी तुले बरं वाटावं म्हणून नाई सांगून रायलो. पहिला गोल तुहाच होता. तू तिकडं प्रेक्षकांत पाहून रायली होती. तो मी नाई घेत."

मैत्रेयीचे डोळे बारीक झाले.

"दुसरा, तिसरा, चौथा माहा," तो म्हणाला. "पाचवा अर्धा अर्धा. तवर तू रडून रायली होती, तुले चकती दिसलीच नाई."

"मी रडत नव्हते."

"मंग तो बी अख्खा तुहा."

कोणीतरी हसलं. मैत्रेयी हसली नाही, पण खालीही बसली नाही. तिला गोंजारणाऱ्यांपैकी एकानंही तिच्या माथी असा गोल मारला नव्हता. "बूट गाडीत आहेत," ती बापाला म्हणाली. "मी हात पण नाही लावलेला. घेऊन ये."

अभय तळघरातल्या पार्किंगमध्ये गेला आणि दहा मिनिटांनी घामाघूम होऊन अख्खी बॅगच ओढत वर आला. तेवढ्या वेळात कोणी बक्षिसांचं नाव काढलं नाही, पण आलुबोंडे निम्मे संपले. बॅग उघडल्याबरोबर सहा दिवसांच्या घामाचा भपकारा आला, पुढच्या रांगेतले चार जण मागच्या रांगेत गेले. मैत्रेयीनं बूट काढले आणि कोचपुढं धरले.

कोच हेंगनं खिशातून पोलादाची एक पट्टी काढली. तिच्या काठाला वेगवेगळ्या मापाचे उंचवटे असतात, ते पन्हळीत बसवून खोली बघायची. गोलकीपरच्या मापाचा उंचवटा त्यानं टेकवला, तो आत डुगडुगला. पळणाऱ्यांच्या मापाचा टेकवला, तोही डुगडुगला. कोचनं मान वर करून दादारावकडं पाहिलं.

"अंकल," तो म्हणाला, "इतकी खोल तर मी आयुष्यात नाही बघितली, लाह."

पट्टी मैत्रेयीनं हिसकून घेतली. स्वतः बसवून पाहिली, एका पात्यात, मग दुसऱ्यात. मग अंगठा लावला आणि पटकन मागं घेतला. आणि मग ती भडकली. असं भडकणं त्या हॉलनं पाहिलं नसेल.

"मी चिठ्ठी दिली होती!"

"होती."

"त्यावर आकडा होता!"

"होता. वाचला म्या."

"मग?"

"मले वाटलं, तुह्यापेक्षा मले जास्त समजते."

"पाय माझे आहेत! मला विचारलं का नाही?"

"नाई इचारलं. चुकलं."

"मी सहा दिवस," आणि इथं तिचा आवाज फाटला, "सहा दिवस मला वाटत होतं माझे पाय खराब आहेत!"

"मैत्रेयी, हळू," सुलेखा म्हणाली.

"काहून हळू?" बेबी आलुबोंड्यांच्या टेबलाआडून म्हणाली. "बोलू द्या तिले. बरोबर बोलून रायली."

अभय आता दादारावच्या जवळ आला. फोन अजून हातातच. "दादाराव, मध्यंतरात तुम्ही तिथंच होतात. मी तुमच्या शेजारी होतो. एक शब्द बोलला नाहीत?"

"लाज वाटली."

"आणि नंतर सहा दिवस?"

"साही दिवस वाटली."

ज्याच्याशी भांडायचं तो माणूस आधीच सगळं कबूल करून मोकळा, मग भांडण टेकवायचं कशावर? अभयनं चष्मा काढून पुसला.

कोच हेंगनं घसा साफ केला. "आज यंत्राला तुम्ही हात लावायचा नाही, अंकल. हिचे बूट मी करतो."

"नको, कोच," मैत्रेयी ताबडतोब म्हणाली. "तुम्ही केलेले बूट कोणालाच चालत नाहीत."

पोरं फिदीफिदी हसली. कोचचे कान लाल झाले, पण खोटं कसं म्हणणार? मैत्रेयीनं दोन्ही बूट नाडीला धरून दादारावच्या छातीवर आदळले. "चला. मी तिथं उभी राहणार."

दोघं मागच्या खोलीत गेली. दादारावनं दगड सुरू केला, बूट पकडीत आवळला आणि तिच्याकडं वळला. चार वर्षांत या खोलीत त्यानं हे कोणाला विचारलं नव्हतं.

"कशी पायजे तुले?"

तिनं आकडा सांगितला. दादारावच्या मते अजून किंचित खोल चाललं असतं. ते त्यानं तोंडानं सांगितलं. ती म्हणाली नको, आणि त्यानं नाही दिली. ठिणग्या उडाल्या. एका फेरीनंतर तिनं पट्टी लावून बघितली, मान हलवली. आणखी दोन फेऱ्या. पुन्हा पट्टी. दुसऱ्या बुटाला ती म्हणाली, "इकडं टाचेजवळ जास्त लागलंय." दादारावनं डोळ्याजवळ धरून पाहिलं. लागलं होतं.

"डोया चांगला आये तुहा," तो म्हणाला.

"मला माहितीये," ती म्हणाली.

तिकडं हॉलमध्ये बक्षिसं पुन्हा सुरू झाली होती. सर्वाधिक सुधारणा, सर्वोत्तम बचाव. हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूचा कप नीलला जाहीर झाला. तेवीस गोल मारणारं गोरंगोमटं पोरगं, फायनलनंतर कपावर त्याचं नाव बुधवारीच कोरून झालं होतं. टाळ्या पडल्या, पण निम्मी माणसं काचेला नाक लावून उभी होती. कारण बर्फावर मैत्रेयी उतरली होती. जीन्सवर गाद्या बांधलेल्या, हेल्मेट तिरकं. गोलसमोर गेली, डाव्या खांबाला काठी टेकवली आणि उजवीकडं सरकली. पाय गेला. सुर्र करून, ताटावरून मोहरी घरंगळावी तसा. उजव्या खांबाला थांबली. परत डावीकडं. परत उजवीकडं. मग नुसतीच, मधोमध, थोडी थोडी सरकत, आपलंच अंगण चाचपत असल्यासारखी.

दादाराव कठड्यावर कोपरं टेकून उभा होता. बेबी त्याच्याशेजारी आली, हातात तो काचेचा ठोकळा.

"कोच म्हणून रायला, हे घेऊन जा. शनिवारी सातले ये म्हणते. दुसरा कोणी यंत्रापाशी याले तयार नाई म्हणते."

"बरं."

"म्हणते, चिठ्ठी खिशात टाकाची नाई. यंत्रावर चिकटवाची."

"बरं म्हटलं ना."

"मले काय चिडून रायले? मी आपलं सांगून रायली."

तेवढ्यात नील कप बाकावर ठेवून बर्फावर आला, काठीनं चकती ढकलत. समारंभाचा कडक सदरा, खाली पात्यांचे बूट. "रेडी ऑर नॉट?" त्यानं ओरडून विचारलं.

मैत्रेयीनं हेल्मेट सरळ केलं. गुडघे वाकवले. "ये!"

नीलनं दोन पावलं घेतली आणि डाव्या कोपऱ्यात हाणली. ती सरकली. चकती तिच्या पायाच्या गादीवर थड्‌दिशी बसली आणि कोपऱ्यात उडाली. हॉलमधून कोणीतरी काच बडवली.

दादारावनं कठड्यावर झुकून आवाज दिला, "पोरी, टाच कशी आये?"

"बरोबर आहे!" तिनं मान न वळवता सांगितलं, आणि काठी बर्फावर आपटून नीलला म्हणाली, "अजून मार."